एक मिनिट पंचवीस सेकंद

नाटक कसे होते असे विचारले की माझे धाकटे दीर वेळ सांगायचे. "त्रेचाळीस दहा," ते म्हणायचे. नाहीतर, "एकोणचाळीस पन्नास. घाईत उरकलं." विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत एकतीस वर्षे त्यांनी वेळ धरली. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या समोरून चारशेच्या वर नाटके गेली असतील, पण त्यांतल्या एकाचीही गोष्ट त्यांना सांगता आली नसती. माझे यजमान त्यांची थट्टा करायचे, "आमच्या धाकट्यानं नाटकं मोजली, बघितलं एकही नाही."

खरे तर त्यांनी एक बघितले. त्या एका नाटकाबद्दल एका मुलीला काही सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले होते. ते सांगितले गेले त्या दिवसापर्यंतची, आणि त्या दिवसाची, ही हकिगत आहे. भाऊजी गेल्या वर्षी गेले, म्हणून आता लिहिते आहे.

नोकरीने ते पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा परिचर होते. मुलांना लंबक टांगून द्यायचा, भिंगे पुसायची, फुटलेल्या काचेची नोंद करायची. विभागाची तीन स्टॉपवॉच त्यांच्या ताब्यात असत, म्हणून पहिल्या वर्षी कोणीतरी त्यांना स्पर्धेसाठी उसने नेले आणि ते कायमचे तिकडचे झाले. मुले त्यांना घड्याळकाका म्हणत. "काका, लग्न का नाही केलंत?" असे एखाद्याने विचारले की ते मान वर न करता म्हणत, "वेळ संपली."

आमचे घर जुन्या आवाराच्या मागच्या रस्त्यावर आहे. रस्ता सगळा विद्यार्थ्यांचा. झेरॉक्सची दुकाने, वसतिगृहाच्या खिडक्यांत वाळणारे टॉवेल, जाहिरातींवर चिकटवलेल्या जाहिराती, आणि स्पर्धेच्या आधी दोन महिने सायकलच्या शेडमध्ये, जिन्याखाली, कँटीनच्या मागे चाललेल्या तालमी. मी मंडईतून येताना कोणीतरी कोणाला तरी "तू मला फसवलंस" असे ओरडून सांगत असे आणि लगेच तोच आवाज म्हणे, "थांब, परत घेऊ."

स्पर्धेचा नियम साधा होता. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत पंचेचाळीस मिनिटे. एक सेकंद जास्त झाला तरी संघ बाद. चाळिसाव्या मिनिटाला भाऊजी उजव्या विंगेतला लाल दिवा लावत. तो प्रेक्षकांना दिसत नसे, नटांना दिसे. दिवा लागला की पाच मिनिटे उरली. त्या दिव्यावर सगळ्यांची मदार असे, कारण हशा आणि टाळ्या किती वेळ खातील हे तालमीत कळत नाही. मी दरवर्षी सहाव्या रांगेत कडेला बसायची आणि डायरी मांडीवर ठेवून नोंदी करायची. पडदा किती वाजता उघडला, कुठे हशा आला, कुठे कोण चुकले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, ती आजही सुटलेली नाही.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकाच संघाचे नाव होते. त्याची दिग्दर्शिका शेवटच्या वर्षाची, बारीक चणीची मुलगी होती. तालमीला दोन मिनिटे उशीर झाला तरी ती मुलांना शेडबाहेर उभी करायची, म्हणून सगळे तिला हेडबाई म्हणत. पहिल्या आलेल्या संघाच्या दिग्दर्शकाला विद्यापीठाच्या नाट्यविभागात थेट प्रवेश मिळायचा. तिला तो हवा होता, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे.

तिच्या नाटकात दोन भाऊ होते. मोठा आजारी पडून घरी येतो, आणि धाकटा त्याचे सगळे करतो. शेवटाकडे धाकटा मोठ्याची दाढी करतो. त्यात एकही वाक्य नव्हते. वाटी, ब्रश, खरा फेस, आणि तीन मिनिटे. त्यानंतर शेजारीण येते, आणि पुढचे मला नीट आठवत नाही. का आठवत नाही, ते पुढे येईल.

शेजारणीचा प्रवेश दोन मिनिटांचा होता. मुलांना तो मुळातच नको होता. वेळ जाते, म्हणायचे. हेडबाई अडून बसली. "त्या दोघांना बाहेरचं कोणीतरी बघायला पाहिजे," तिचे म्हणणे. शेवटी असे ठरले की दाढी चालू असताना दिवा लागला तर शेजारीण येणार नाही. दाढी संपेपर्यंत लागला नाही, तर येईल.

माझे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. शेवटचे चार महिने त्यांचे हात थरथरत. भाऊजी एक दिवसाआड सकाळी त्यांची दाढी करायचे. मी गरम पाणी आणून द्यायची आणि स्वयंपाकघरात परत जायची, कारण त्या दोघांना मी तिथे असलेली आवडत नसे.

त्या संध्याकाळच्या माझ्या पानावर लिहिले आहे, "६.०४ पडदा." मग, "६.११ हशा. ६.२३ मोठा भाऊ वाक्य विसरला, धाकट्याने सावरले. ६.४२ दाढी सुरू." त्यानंतर एकदम, "६.४९ पडदा. लोक उभे." मध्ये काही नाही.

लोक खरोखरच उभे राहिले होते. दुसऱ्या कॉलेजची, शिट्ट्या मारायला आलेली मुलेसुद्धा. हेडबाई विंगेतून बाहेर आली आणि तिने हाताने सगळ्यांना बसा बसा अशी खूण केली, वर्गात करावी तशी.

परीक्षकांपैकी एक बाई भाऊजींकडे गेल्या. "किती?"

"पंचेचाळीस अकरा."

"नक्की?"

"नक्की."

ते खोटे बोलले नाहीत. अकरा सेकंद जास्त झाले होते. निकालाच्या वेळी सांगण्यात आले की वेळमर्यादा ओलांडल्यामुळे या संघाचा विचार करता आलेला नाही. बाहेर पायऱ्यांवर मोठ्या भावाचे काम करणारा मुलगा सगळ्यांसमोर हेडबाईला म्हणाला, "तुझ्या शेजारणीनं घात केला. आता तिलाच घरी घेऊन जा." हेडबाईच्या हातात फेसाची वाटी होती, ती तिने पायरीवर उपडी केली.

भाऊजी माझ्याबरोबर चालत घरी आले. मी सवयीने विचारले, "कसं होतं?" त्यांनी वेळसुद्धा सांगितली नाही. मला वाटले, दमले असतील.

आठ महिने गेले. या आठ महिन्यांत ते वाळले. जेवताना हात ताटात तसाच राहायचा. मी डॉक्टरांकडे नेले, सगळे ठीक निघाले. एका रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले.

"वहिनी, त्या दाढीच्या नाटकाचं तुम्ही लिहिलंय का?"

"लिहिलंय की."

"दिवा किती वाजता लागला, ते लिहिलंय?"

"दिवा मला कुठला दिसायला, भाऊजी? तो विंगेत."

"कडेला बसता ना तुम्ही. कधी कधी पडद्यावर तांबूस दिसतं, तुम्हीच म्हणाला होता."

मी हात पुसले आणि डायरी काढून पान दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. ६.४२ आणि ६.४९ यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथं काही नाही."

"त्या वेळी माझं लक्ष नव्हतं."

"माझंही नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. दाढी सुरू झाली तेव्हा त्यांनी सहज मान वर केली. त्या मुलाने वस्तरा धरण्याआधी मोठ्या भावाच्या हनुवटीखाली दोन बोटे ठेवली. "मी तशीच ठेवायचो," भाऊजी म्हणाले. पुन्हा खाली पाहिले तेव्हा काटा एक्केचाळीस पंचवीसवर होता. शेजारीण रंगमंचावर आली होती. त्यांनी दिवा लावला. मुलांना वाटले, आता कुठे चाळीस झाली आहेत. त्यांनी सावकाश, पूर्ण, नीट नाटक केले. त्यांच्या हिशेबाने सव्वा मिनिट शिल्लक होते.

"परीक्षकांनी दिव्याचं विचारलं नाही," ते म्हणाले. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी डायरी मिटली. मग जे लहानपणापासून मला शिकवले गेले होते तेच बोलले. "सांगून टाका. ती पोरगी स्वतःला दोष देत असेल. तिलाही बरं वाटेल, तुम्हीही मोकळे व्हाल."

"आता काय उपयोग?"

"खऱ्याचा उपयोग असतोच," मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्या खात्रीने म्हणाले होते की तेही मी त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवले आहे.

ती कुठे आहे हे कँटीनवाल्याने सांगितले. पुलापलीकडच्या नव्या आवारात, परीक्षा विभागात, खिडकी क्रमांक चार. मंगळवारी सकाळी आम्ही दोघे बसने गेलो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीसमोर रांग होती, गुणपत्रिकेतली नावे दुरुस्त करून घ्यायला आलेल्या मुलांची. आम्ही रांगेतच उभे राहिलो. अर्ज घेणे, शिक्का मारणे, पुढचा बोलावणे, असे तिचे चालले होते. आमचा नंबर आला तशी तिने मान वर केली.

"घड्याळकाका," ती म्हणाली. चेहरा क्षणभर उजळला. "तुमचाही एखादा विषय राहिलाय का?"

"राहिलाय एक," भाऊजी म्हणाले.

अकरा वाजता तिला पंधरा मिनिटांची सुट्टी मिळाली. आवारातल्या बाकावर ती आणि मी बसलो. भाऊजी बसले नाहीत. समोर उभे राहून, साक्ष द्यावी तसे, त्यांनी क्रमाने सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही तोडले नाही.

"किती उशिरा?" तिने विचारले.

"एक मिनिट पंचवीस."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे दाढी चालू असतानाच लागायला हवा होता."

"हो."

"मग शेजारीण आलीच नसती. त्रेचाळीसमध्ये संपलं असतं."

"हो."

"तुम्ही कुठे बघत होता, काका?"

"नाटकाकडे."

ती हसली, पण ते हसणे मला बघवले नाही. समोरच्या हिरवळीवर पाच-सहा मुले कसलीशी तालीम करत होती. एकजण मेल्याचे काम करत होता आणि मध्येच उठून पाणी पीत होता. ती तिकडे बघत राहिली.

"काका, गेले आठ महिने मी स्वतःला समजावलंय, की शेजारीण ठेवली ही माझी चूक. मला नाटकातलं कळत नाही, नुसता हट्ट करता येतो. फार त्रास झाला, पण शेवटी पटलं. पटलं म्हणून ही नोकरी धरली. आता तुम्ही म्हणता, मला कळत होतं."

"कळत होतं," भाऊजी म्हणाले. "एकतीस वर्षांत माझी मान कधी वर झाली नव्हती."

"मग आता मी त्याचं काय करू?"

मी म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी परत कर."

"आजी, स्पर्धा विद्यार्थ्यांची असते. मी आता विद्यार्थी नाही. आणि संघ तरी कुठाय? नाटकातला आमचा मोठा भाऊ समोरून आला तर रस्ता ओलांडतो."

"मी लेखी देतो," भाऊजी म्हणाले. "कुलसचिवांना देतो. माझी चूक होती असं सही करून देतो."

"नको. मग सगळे मला भेटायला येतील, वाईट वाटलं म्हणून सांगायला. खिडकीत बसून मला ते ऐकावं लागेल." तिने घड्याळ पाहिले आणि उठली. ओढणीवरचे शाईचे डाग तिने उगाच झटकले. "चुकलं होतं तेच बरं होतं हो, काका. ते एकदाच चुकलं होतं, आता रोज चुकेल."

चार पावले गेल्यावर ती वळली. "शेवट तरी बघितलात का?"

भाऊजींनी मान हलवली. "दिवा लावला आणि मग घड्याळच बघत होतो. आणखी चूक नको म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि रांगेतल्या मुलांना बाजूला सारत आत गेली.

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. पूल ओलांडला. मग भाऊजी म्हणाले, "मोकळं वाटेल म्हणाला होता तुम्ही."

"हो."

"तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं आपण."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "वहिनी, शेवट काय होता त्याचा?"

मी आठवायचा प्रयत्न केला. शेजारीण आली, तिच्या हातात काहीतरी होते. मी चष्मा काढून पदराने पुसत होते. रंगमंचावर पिवळे आणि पांढरे काहीतरी हलत होते. मग लोक उभे राहिले आणि समोरच्यांच्या पाठी दिसल्या. "मला नाही दिसलं, भाऊजी," मी म्हणाले.

पुढच्या स्पर्धेला ते गेले नाहीत. निवृत्तीला दोन महिने असताना त्यांनी तिन्ही स्टॉपवॉच विभागात परत करून सही घेतली. आता सभागृहात मागच्या भिंतीवर मोठे तांबडे आकडे पळतात, ते नटांना सरळ दिसतात, आणि दिवा काढून टाकला आहे. निवृत्तीनंतर ते दीड वर्ष जगले. संध्याकाळी रस्त्यावरून तालमीचे आवाज आले की ते उठून खिडकी लावून घेत. मी त्यांना पुन्हा कधी काही कसे होते असे विचारले नाही.

माझ्या त्या पानावर ६.४२ आणि ६.४९ यांच्या मध्ये अजून जागा आहे. तिथे काय लिहायचे ते सांगू शकेल असे एकच माणूस मला माहीत आहे. खिडकी क्रमांक चार, पुलापलीकडे, बस दर वीस मिनिटांनी आहे. मी अजून गेलेले नाही.