भरिताच्या पंगतीत नाकाशी कांदा

पाचोऱ्याला गाडी थांबली तेव्हा माझ्या भाषणाची मनातल्या मनात उजळणी चालू होती. श्रोता एकच होता, नाना. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या आमच्याकडे यायच्या आणि आमचा नाताळचा फराळ त्यांच्याकडे जायचा. निवृत्तीनंतर मी पुण्याला गेलो, नाना गावी शेतीवर परतले. यंदा दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी गेल्या. मग सून वैशालीचा फोन आला, "काका, बाबा धड जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. तुम्ही याच."

माझी रूथ गेली तेव्हा मला ज्याने सावरलं, त्या येशूबद्दल या खेपेला नानांना सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही राजकारणापासून मूळव्याधीपर्यंत सगळं बोललो, हे तेवढं राहिलं. भीती एकच होती. माणूस दुःखात सापडलेला पाहून हा आपला धर्म गळी उतरवायला आला, असं त्यांना वाटलं तर? या वयात दुसरे नाना मी कुठून आणणार?

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नानांचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "बसा बाबा. त्यास्ना मळामा आज भरीत शे. बठ्ठा (सगळे) तठेच शेतस." रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या आणि वेचून रिकामी झालेली कपाशी. थंडी चांगलीच बोचत होती. मी कानटोपी ओढून घेतली आणि भाषणाचं पहिलं वाक्य पुन्हा बदललं.

हा बेत वैशालीने माझ्या निमित्ताने जमवला होता. मळ्यात पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाळ भडकला होता आणि त्यात हिरवी, हातभर वांगी भाजत होती. एकीकडे दोघेजण सोललेली वांगी लाकडी भांड्यात मिरची-लसणासकट ठेचत होते. त्या वासाने मी भाषण जवळजवळ विसरलो. नाना बाजूला खाटेवर बसले होते. सदरा अंगावर लोंबत होता.

"उना (आलास) का भाऊ?" एवढंच म्हणाले. त्यांना तसं पाहून मला फार वाईट वाटलं.

पंगत बसली. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), कांद्याची पात. जेवणाआधी डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायची माझी सवय आहे. एरवी ती चटकन आटोपते. त्या दिवशी अन्नाचे आभार मानून झाले आणि मग मी धीर मागायला लागलो. तो काही केल्या येईना, म्हणून मी मागतच राहिलो.

पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय या गावात कोणी पानाला हात लावत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. अख्खी पंगत माझ्याकडे बघत ताटकळली होती.

"अवं माय, पाव्हनाले फेफरं उनं! कांदा द्या, कांदा!" शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी अक्का ओरडली, आणि डोळे उघडायच्या आत बुक्कीने फोडलेला कांदा माझ्या नाकाशी आला. मी सटासट शिंकलो. डोळ्यांतून धारा लागल्या. कोणी पाणी मारलं, कोणी टोपीने वारा घालू लागलं.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. नाना पोट धरून हसत होते. वैशाली भाकरीची टोपली हातात धरून जागीच थांबली.

"अक्का, त्याले काही व्हयेल नही," नाना म्हणाले. "तो त्याना देवसंगे बोली राहिना." मग माझ्याकडे वळले. "इतला येळ काय मांगी राहिंता रे?"

झालं! आता पंगतीपुढे खोटं कसं बोलणार? "तुमच्याशी बोलायची हिंमत," मी म्हणालो. भाषण केव्हाच पळालं होतं. नाक पुसत जे आलं ते सांगितलं. "नाना, रूथ गेली तेव्हा मी येशूशी रोज भांडायचो. तो काही मला सोडून गेला नाही. त्याचा मित्र गेला तेव्हा तोही थडग्यापाशी रडला होता. मरण हा शेवट नाही असं त्याने सांगितलं, आणि मी ते खरं मानतो. म्हणून उभा आहे. तुम्ही मानावं म्हणून नाही सांगत. माझ्याकडचं चांगलं तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं वाटेना, म्हणून सांगतो."

नाना माझ्याकडे सरकून बसले. "मनी (माझी) सुमन तर तुना येशूले वळखत नव्हती," ते म्हणाले. "तिनं (तिचं) काय?"

"मला सगळं कळत नाही, नाना. पण तो तिला ओळखतो. एवढं मात्र मी सांगू शकतो."

"आते तरी घास ले रे बाबा, भाकरी थंडी व्हई गयी!" अक्का वैतागली. मी घास घेतला. नानांनीही घेतला, आणि मग दुसरी भाकरी मागून घेतली. वैशालीने ती वाढली आणि पाठ फिरवून डोळ्यांना पदर लावला. पऱ्हाट्यांचा धूर फार झाला, म्हणाली.

परतीची एसटी धुळ्याहून होती. नाना सोबत आले. वहिनी गेल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं. धुळ्यातच देवपूरला त्यांच्या लेकीकडे तर्रीदार शेवभाजीचा बेत होता. सगळे ताटावर बसले तशी नानांनी हात वर केला. "थांबा रे. पहिले भाऊनं व्हऊ द्या." आणि माझ्या ताटाशेजारी एक अख्खा कांदा ठेवला. "पन थोडक्यामा!"

नाना देवळात जातात, जात राहतील. आमच्यातलं काही बिघडलं नाही, उलट आता बोलायला आणखी एक विषय झाला. पांझरेचा पूल ओलांडून आम्ही स्टँडवर आलो. मी खिडकीशी बसलो, तसे नाना खालून जवळ आले.

"तो तिले वळखस म्हने. पक्कं शे ना?"

"पक्कं."

"मंग त्याले सांग, तिले निरोप दे म्हना." त्यांनी खिडकीचा गज धरला. "मी जेवनू (जेवलो)."

गाडी हलली. नाना दिसेनासे होईपर्यंत मी हात हलवत होतो. ठरवून आणलेल्या भाषणातला एक शब्दही मी वापरला नव्हता, पण परत जाताना माझ्यावर काम सोपवलेलं होतं. गाडी गावाबाहेर पडल्यावर शेजारच्या बाईंनी डबा उघडून माझ्यापुढे भाकरी धरली. मी ती घेतली, डोळे मिटले आणि सगळ्यांत आधी नानांचा निरोप सांगितला.