मागच्या सीटवरचे वासुदेवराव

सेलूच्या वासुदेवराव चाफले गुरुजींच्या हाती मोटरसायकलचं हँडल उभ्या आयुष्यात एकदाच आलं होतं, आणि त्या एका वेळेची आठवण त्यांची सासुरवाडी आजही चवीनं काढते. मेहुण्याचं लग्न होतं. दारात नवी गाडी उभी होती. "जावईबापू, एक चक्कर तं मारून पाहा," असा आग्रह झाला आणि नव्या जावयाला नाही म्हणवेना. वासुदेवराव बसले, कुणीतरी किक मारून दिली, आणि ब्रेक समजून त्यांनी जे काही पिळलं ते काही ब्रेक नव्हतं. गाडी मांडवाला वळसा घालून थेट आचाऱ्याच्या चुलीकडे गेली आणि वरणाच्या गंजावर, त्या भल्यामोठ्या पातेल्यावर, आदळून थांबली. देवाची कृपा, कुणाला भाजलं नाही. पण त्या दिवशी तीनशे पानांनी वांग्याच्या भाजीवर भात खाल्ला, आणि वासुदेवराव जन्माचे "वरणातले जावई" झाले.

तेव्हापासून त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटला हात जोडले. सायकल बरी, एसटी बरी, पाय तर सगळ्यांत बरे.

त्यांची शाळा चिंचटेकला, सेलूपासून बारा किलोमीटर. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून चार किलोमीटर तंगडतोड. गुरुजींनी ती काही वर्षं बिनतक्रार केली. मग चिंचटेकच्या शाळेवर अण्णाजी रोकडे बदलून आले. वासुदेवरावांपेक्षा सात वर्षांनी मोठे, बोलायला कमी, आणि राहायला नेमके पलीकडच्या गल्लीत. पहिल्याच आठवड्यात सकाळी वासुदेवरावांच्या दारात दोनदा हॉर्न वाजला. "बसा मांगं," अण्णाजी म्हणाले. वासुदेवराव बसले ते सतरा वर्षं बसले. उन्हाळा, पावसाळा, निवडणुकीची ड्यूटी, जनगणनेची ड्यूटी, काही असो, दोनदा हॉर्न वाजला की वासुदेवराव डबा घेऊन बाहेर.

फुकट बसत नव्हते हं. त्यांच्याकडे एक काम होतं. रस्त्यातले खड्डे सांगायचं. "अण्णाजी, डावीकडं गड्डा," "अण्णाजी, समोर दोन हायेत." सतरा वर्षांत चिंचटेकच्या रस्त्याचा एकेक खड्डा त्यांच्या ओळखीचा झाला होता. मोठ्या खड्ड्यांना तर नावं होती. नाल्याजवळचे दोन म्हणजे 'जुळे'. निंबाच्या झाडाआधीचा तो खोल, कितीही मुरूम टाका, जागचा न हलणारा, तो 'सासरेबुवा'. एखादा खड्डा बुजला की अण्णाजी म्हणायचे, "त्याची बदली झाली वाट्टे." आपल्या नजरेमुळे ही गाडी कधी आपटली नाही, याचा वासुदेवरावांना मनातून मोठा अभिमान होता. घरी ते बोलूनही दाखवायचे.

यंदा एप्रिलअखेर अण्णाजी निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, पोरं रडली, त्यांच्यापेक्षा वासुदेवराव जास्त रडले. परत येताना अण्णाजी म्हणाले, "मी रिकामाच हावो आता. जूनपासून तुमाले रोज नेऊन सोडतो, संध्याकाळी घेऊन येतो."

हे ऐकून वासुदेवरावांना गहिवरून आलं आणि लाजही वाटली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपल्यासाठी रोज चार फेऱ्या? ते नाही म्हणाले. नाही म्हणून बसले खरे, पण घरी येऊन हिशेब मांडला. एक्कावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, फाट्यावरून चार किलोमीटर रोज जाणं आणि तेवढंच येणं. सात वर्षं नोकरी बाकी. जूनच्या शेवटी शाळा उघडायच्या आत स्वतः गाडी शिकली तर ठीक, नाहीतर एके दिवशी आपणच मान खाली घालून अण्णाजींच्या दारात उभे राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

त्यांची लेक समीक्षा वर्ध्याला कॉलेजात जाते. तिनं मोबाइलवर शोधून काढलं. वर्ध्याच्या बाहेर प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या ले-आउटवर नवशिक्यांचा दहा दिवसांचा वर्ग चालतो, सकाळी सहा ते आठ. गाडी त्यांची, हेल्मेट त्यांचं. "आंधी शिका बाबा, मंग गाडी घ्या," ती म्हणाली आणि बापाच्या तोंडून हो-नाही निघायच्या आत लर्निंगचा फॉर्म भरून मोकळी झाली.

पहाटेच्या एसटीनं वासुदेवराव पोचले तेव्हा ले-आउटवर पाच शिकाऊ उभे होते आणि पाचही बाया. एक नर्स, एक अंगणवाडीताई, दोन कॉलेजातल्या पोरी आणि एक पोलीस भरतीची तयारी करणारी दणकट मुलगी. शिकवणारीही बाईच, रक्षा नावाची, तिशीची, ठेंगणी, गळ्यात शिट्टी. गुरुजींनी क्षणभर परतीच्या एसटीची वेळ आठवून पाहिली. पण रक्षानं तोवर त्यांना पाहिलं होतं.

"या काका. बसा गाडीवर. सुरू नाई कराची, नुसतं बसाचं."

वासुदेवराव बसले. मग भरतीवाली मुलगी फसकन हसली. सतरा वर्षांची सवय, गुरुजी थेट मागच्या सीटवर जाऊन बसले होते, हात मांड्यांवर, कुणीतरी पुढे येऊन बसायची वाट पाहत.

"काका, समोर सरका न," रक्षा म्हणाली. "चालवाले कोनी येऊन नाई राह्यलं."

हसू नये अशी जागाच नव्हती. वासुदेवरावही हसले, आणि तिथंच त्यांची निम्मी भीड गेली.

रक्षाची शिकवायची रीत मास्तरांना पटण्यासारखी होती. पहिले दोन दिवस इंजिन बंद. गाडी हातानं ढकलायची, वळवायची, जमिनीवर आडवी करून पाठीत न वाकता उचलायची. तिसऱ्या दिवशी क्लच, नुसता सोडायचा आणि दाबायचा, सोडायचा आणि दाबायचा, बाराखडी गिरवल्यासारखा. चौथ्या दिवशी गाडी वासुदेवरावांना घेऊन चालायला लागली, आणि वाटेत वरणाचा गंज कुठंच आला नाही. त्या दिवशी त्यांनी घरी जिलेबी नेली.

पाचव्या दिवशी विटा आल्या. रक्षानं सात विटा एका ओळीत अंतराअंतरावर मांडल्या. त्यांच्यामधून नागमोडी जायचं. अंगणवाडीताईंची एक वीट लागली, नर्सबाईंच्या दोन. वासुदेवराव गेले आणि सातही विटांवर चाक घालून आले. पुन्हा गेले, पुन्हा सात. तिसऱ्यांदाही एकही सुटली नाही.

"काका, ठरवून पाह्यलं तरी कोनाले सातच्या सात जमत नाई," रक्षा म्हणाली. चौथ्या वेळी ती विटांच्या टोकाला उभी राहिली, गाडीकडे न बघता त्यांच्या डोळ्यांकडे बघत. गाडी थांबली तेव्हा तिला दुखणं सापडलं होतं. "तुमी विटेकडं टक लावून पाहून राह्यले. जिकडं नजर तिकडं गाडी जाते. विटेकडं नाई, जिकडं जाचं तिकडं पाहा."

"पाहनं तं माहं कामच होतं ताई," वासुदेवराव जरा दुखावून म्हणाले, आणि त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या सेवेची कथा सांगितली. जुळे सांगितले, सासरेबुवा सांगितले.

रक्षानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याइले दिसत नव्हतं का?"

"अण्णाजीले? चांगलं दिसते. अजून चष्मा नाई."

"मंग तुमी काऊन सांगत होते? तुमी त्याइच्या खांद्यावरून पाहात. जो समोर बसते त्याले गड्डा तुमच्या आंधीच दिसते, काका."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून वासुदेवराव त्याच वाक्याशी अडून राहिले. खरंच की. खांद्यावरून वाकून, हेलकावे खात, आपल्याला दिसतो तो खड्डा अण्णाजींना दिसत नसेल? सतरा वर्षांत हा साधा हिशेब आपल्या डोक्यात कसा आला नाही? घरी न जाता ते तसेच पलीकडच्या गल्लीत शिरले.

अण्णाजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. वासुदेवरावांनी प्रस्तावना न करता विचारलं, "अण्णाजी, तुमाले गड्डे दिसत होते न?"

अण्णाजींनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. "आता इतक्या दिवसांनी काऊन इचारून राह्यले?"

"सांगा तं खरं."

"दिसत होते. सारेच दिसत होते." अण्णाजी शेंगांकडे बघतच बोलले. "पहिल्या वर्षी तुमी डोये मिटून बसत होते, वासुदेवराव. आरशात दिसे मले. माह्या खांद्याले असे धरून राहत का दोन शर्ट उसवले. रामराम चालू राहे तुमचा, फाट्यापासून शाळेपर्यंत. आता भेनाऱ्याले भिऊ नका म्हनून काई होते का? पहिलीत नवं पोट्टं रडते तं आपन काय करतो?"

वासुदेवरावांना ठाऊक होतं. रडणाऱ्या पोराला ते दोघंही कधी रडू नको म्हणत नसत. त्याच्या हातात खडूची डबी देत. ही सांभाळ रे, मास्तरांचं काम आहे. पोर डबी सांभाळण्याच्या नादात रडायचं विसरायचं.

"तसं तुमाले गड्डे देले," अण्णाजी म्हणाले. "चार दिवसांत डोये उघडे. मंग तुमाले गोडी लागली, मलेबी लागली. रस्ता कटे."

वासुदेवरावांना सगळा हिशेब उलटा झालेला दिसला. आपण ज्याला सांभाळत होतो म्हणून मिरवलो, त्यानं सतरा वर्षं आपल्याला सांभाळलं, आणि त्याचा सुगावा आपल्यालाही लागू दिला नाही. एका शब्दानं भित्रा म्हटलं नाही. वरणाची गोष्ट सगळ्या तालुक्याला माहीत, अण्णाजींना माहीत नसणार थोडीच, पण तीही कधी काढली नाही. आभार मानायचे तर ते शाळेतल्या भाषणासारखे वाटले असते. म्हणून ते खाली बसले आणि शेंगा निवडू लागले. टोपली संपेपर्यंत निवडल्या.

दुसऱ्या दिवशी रक्षानं विटांच्या पलीकडे, दूरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "त्याच्याकडं पाहा, विटा हायेत हे इसरा." सोपं नव्हतं. वीट जवळ आली की नजर खाली घसरायची. पहिल्या फेरीत पाच लागल्या. मग तीन. आठव्या दिवशी एक. दहाव्या दिवशी वासुदेवरावांनी खांबावर नजर लावली, मनात अण्णाजींना नमस्कार केला आणि सातही विटा सोडून पलीकडे गेले. पाचही बायांनी टाळ्या वाजवल्या. भरतीवाल्या मुलीनं शिट्टी मारली, रक्षाच्याच गळ्यातली ओढून घेऊन. निघताना गुरुजी रक्षाला म्हणाले, "ताई, तुमी मले गाडी शिकवली, अन् आनखी एक गोष्टबी समजून देली." ती कोणती, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पक्कं लायसन आलं, मग गाडी आली. बायकोनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुकानातून हेल्मेट मात्र दोन आली. "दुसरं कोनाले?" बायकोनं विचारलं. "हाय एक जन," वासुदेवराव म्हणाले.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीत दोनदा हॉर्न वाजला. अण्णाजी बनियनवरच बाहेर आले.

"शर्ट घाला," वासुदेवराव म्हणाले. "पहिला दिवस हाय, नवे पोट्टे येतीन. रडतीन. डबी कोन देईन? बसा मांगं."

अण्णाजी शर्ट घालून आले, हेल्मेट घातलं आणि गाडीशी येऊन घुटमळले. चाळीस वर्षं गाडी चालवली, पण मागं बसण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. पायदान उघडावं लागतं हेही वासुदेवरावांनीच दाखवलं. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

फाट्यापर्यंत बरं गेलं. फाट्यावरून गाडी आतल्या रस्त्याला लागली, नाल्याचे जुळे वासुदेवरावांनी नीट सोडले, आणि तेवढ्यात उजवा खांदा कुणीतरी घट्ट आवळला. इतका घट्ट की शिवण करकरली. वासुदेवरावांनी आरशात पाहिलं. हेल्मेटच्या आत अण्णाजींचे डोळे गच्च मिटलेले होते.

त्यांनी गाडी थोडी हळू केली. हसू आलं होतं, ते गिळलं.

"अण्णाजी," ते म्हणाले, "नवी गाडी हाय, माही नजर बसली नाई अजून. जरा गड्डे सांगत जा न."

मग खांद्यावरची पकड हळूहळू सैल झाली.

"समोर," अण्णाजी म्हणाले. "निंबाच्या आंधी. सासरेबुवा."

वासुदेवरावांना तो केव्हाच दिसला होता. नजर पलीकडच्या निंबावर ठेवून त्यांनी गाडी अलगद बाजूनं काढली.

"बरं झालं सांगतलं, अण्णाजी," ते म्हणाले. "नाईतं आपटलोच असतो."