पाइपात जागा आहे की नाही

माझ्या कार्यालयात समुद्रातल्या तेलाच्या आणि वायूच्या पाइपलाइनींचे तंटे सुनावणीला येतात. यातली एकही पाइपलाइन मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. नेवासा तालुक्यातल्या आमच्या घरात मी पहिली पदवीधर. कॉलेजचा अर्ज शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी स्वतः बसून भरून घेतला होता, आणि हातातलं काम नीट केलं की त्यांचे उपकार थोडे फिटतात, असं मला अजून वाटतं.

माझी पहिली फाईल दिसायला सरळ होती. एका लहान कंपनीला समुद्रात वायू सापडला होता. किनाऱ्यापर्यंत स्वतःचा पाइप टाकणं तिला झेपणारं नव्हतं. जवळूनच एका मोठ्या कंपनीचा पाइप जात होता. पाइपात जागा शिल्लक असेल तर वाजवी भाडं घेऊन दुसऱ्याचा वायूही न्यावा, असा नियम आहे. मोठी कंपनी म्हणत होती, जागाच नाही. ठरलेल्या मुदतीत वायू किनाऱ्याला लागला नाही, तर सरकारकडून मिळालेलं ते वायूक्षेत्र लहान कंपनीच्या हातचं जाणार होतं.

मी टिपण लिहिलं : मोठ्या कंपनीकडून शिल्लक जागेची माहिती मागवावी. साहेबांनी लगेच सही केली. मला फार बरं वाटलं.

माहिती आली : जागा नाही. आकडे मागितले, तर ते गोपनीय. पुन्हा पत्र, पुन्हा मुदतवाढ. मोठ्या कंपनीचे वकील पुढची तारीख इतक्या नम्रपणे मागायचे, की नाही म्हणणाराच उद्धट ठरावा.

मध्ये चार दिवस गावी गेले. दादा, म्हणजे माझे वडील, कांदा खुरपत होते. शेजारच्या रानात चुलत्यांची पाण्याची पाळी चालू होती.

"तुमच्या समुद्रातल्या भांडनाचं काय झालं?" दादांनी विचारलं.

"पाइपात जागा आहे का, तेच ठरत नाही."

"ते सांगतंय कोन?"

"ज्यांचा पाइप आहे ते."

दादांचं खुरपं थांबलं. "आन् त्यांनाच इचारायचं, हे तुमी ठरवलं? एवढं शिकून?"

चुलते बांधावरून ओरडले, "मग मलाबी इचारा की, पाळी संपली का म्हून! न्हाई संपली. उद्याबी न्हाई संपायची!"

दोघं हसले. मला हसू येईना. आमच्याकडे प्रवरा नदीवरून आणलेला पाइप सात घरांचा आहे. त्याच्या व्हॉल्व्हची चावी मात्र सातांपैकी कुणाकडेच नसते. ती पिठाच्या गिरणीवाल्या आत्याकडे असते, कारण तिचं रान त्या पाइपावर नाही. कुणी नवा जोड मागितला की आत्या गिरणी बंद करून येते, शेवटच्या टोकाला सगळ्यांसमोर पाणी सोडते, पिंप किती वेळात भरतं ते बघते आणि निकाल सांगते. त्या चावीला कायम पीठ लागलेलं असायचं. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण टिपण लिहिताना ते आठवलं नाही. गावातलं काही त्या फाईलमध्ये चालेल, असं वाटलंच नव्हतं.

परत गेल्यावर मी लिहिलं : दोघांशीही संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून मोजणी करावी. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पण हे पहिल्याच टिपणात का नाही लिहिलंत?"



आदेश निघाला. मग तज्ज्ञ कोण असावा यावरच वाद सुरू झाला आणि तारखांमागून तारखा गेल्या. एका तारखेला लहान कंपनीचे मालक वकिलाशिवाय, एकटेच आले. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. मुदत संपायच्या आत त्यांनी ते क्षेत्र मोठ्या कंपनीलाच विकून टाकलं होतं.

"मॅडम, तुम्ही आमच्या प्रत्येक पत्राला वेळेवर उत्तर दिलंत," ते म्हणाले. ते खरंच आभार मानत होते.

पुढे त्या क्षेत्राचा वायू किनाऱ्याला आला. त्याच पाइपातून.

दादांना फोनवर सांगितलं. "म्हंजे जागा हुती."

"होती."

आता तशीच दुसरी फाईल माझ्याकडे आली आहे. जागा नसल्याचं पत्रही आलं आहे. या वेळी मोजणीची मागणी मी पहिल्याच टिपणात केली. ते टिपण सोमवारपासून सहीविना साहेबांच्या टेबलावर आहे. आज शुक्रवार.