फळ्यावरचा आमचा बाण

तुम्ही कधी फळ्यावर नळ बघितलाय का? आम्ही बघितलाय! दुष्काळात वडवणीकडच्या आमच्या गावात बायकांची पाणी सोसायटी होती. मी खालच्या वस्तीतली; पंपाची खोली सांभाळायचे. आजही आम्ही जुन्या बायका भेटलो की तेव्हाचे किस्से निघतात. एकीचा संपायच्या आत दुसरीला दुसरा आठवतो.

*

व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारं मशीन बसवायला बीडहून जोगदंड सर आले. त्यांनी फळ्यावर चौकोन काढला. आत येणारे बाण म्हणजे इनपुट : विहीर, बोअर. बाहेर जाणारे आउटपुट : टाकी, शाळेचा नळ, खालच्या वस्तीचा नळ.

"सरळ गणित आहे. व्हॉल्व्ह दुप्पट उघडला की पाणी दुप्पट!"

आमच्या चेअरमन शांताआक्का म्हणाल्या, "आन् विहिरीतच नसलं तर?"

सर फळ्यावरचे बाण मोजू लागले. आक्कांनीच गणित सोडवलं :

"दुप्पट काहीच न्हाई!"

*

पुढं विहीर आटलीच. "हे इनपुट कमी करू," म्हणत सरांनी बाण पुसला. आक्कांनी फळ्याला हात जोडले. "लई वर्षं पाजलंस, बाई!"

सरांनीही डस्टर खाली ठेवून हात जोडले.

*

मग टँकरचा बाण आला. टँकर सकाळी येणार, असं मशीनला सांगून ठेवलेलं. दुपार झाली तरी पत्ता नाही.

आक्कांनी विचारलं, "सर, तुमचं इनपुट कुठंय?"

सरांनी ड्रायव्हरला फोन लावला. "इनपुट नांदूरघाटला आहे. सासुरवाडीत जेवतंय!"

*

टँकरच्या पाण्यावर मशीन गोंधळलं. सारखं व्हॉल्व्ह उघड, बंद कर. सर म्हणाले, "खालच्या वस्तीचा नळ मोजायचा बंद करू. टाकी भरली की तिथं पाणी जाणारच."

आमचा बाण पुसला. मशीन शहाण्यासारखं चाललं. आमच्याकडं पाणी न सोडताच टाकी भरलेली, हिरवा दिवा लागलेला. आणि आमच्या वस्तीचा नळ कोरडा! माझ्या सुनेचे दिवस भरत आले होते. मी पंपावर असले की तीच घागर घेऊन शाळेचा चढ चढायची.

मी आक्कांना सांगितलं. संध्याकाळी त्या आल्या, खडू घेतला आणि पुसलेला बाण ठसठशीत काढला.

सर हसले. "आक्का, बाण दाखवून पाणी येत नसतं!"

"मग पुसल्यावर गेलं कावून?"

सरांनी मशीनकडं बघितलं. दिवा हिरवाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या नळाखाली रिकामी घागर लावून स्वतः पाणी मोजायला बसले होते.