खिशाचा स्वेटर

आमच्या कामाच्या डांगरीला खिसे नसतात. मुद्दामच. खिशातला एखादा स्क्रू विमानात पडून राहिला तर वर काय होईल, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. नाशिकच्या या कारखान्यात तीस वर्षं ते सांगणारा मीच. जुनी लढाऊ विमानं उघडायची, सांध्यांत तडे शोधायचे, नवी यंत्रं बसवायची आणि त्यांना आणखी काही वर्षं उडायला मोकळं करायचं. सांध्यांची तपासणी माझ्याकडे. माझ्या एकट्याच्या सहीवर विमान पुढे जायचं. नोकरीत मिळालेला मान तो एवढाच, बाकी नुसती दगदग.

यंदा थंडी सोसवेना, म्हणून डांगरीवर घरचा स्वेटर चढवला. मला कोण हटकणार?

शनिवारी पाळी सुटताना हत्यारांच्या फळीवर भिंगाची जागा रिकामी, आणि तिथे हत्यार नेताना लावायचा तो माझ्या नंबरचा बिल्ला लटकलेला.

"शेवटचं कुठे वापरलंत?" साहेबांनी विचारलं.

"डाव्या पंखाच्या मुळाशी," मी छातीठोकपणे सांगितलं.

एक हत्यार कमी असलं तरी विमान जागचं हलत नाही. बंद केलेली झाकणं पुन्हा उघडली. दहा जणांचा रविवार त्यात गेला. एका फिटरच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तोही आला. दिवसभर वाकून वाकून माझी कंबर धरली, पण भिंग काही सापडलं नाही.

संध्याकाळी बायकोने स्वेटर धुवायला घेतला. "अहो, हे काय खिशात?"

खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो हाच, की उद्या भिंग गुपचूप पंखात टाकावं आणि आपणच शोधून काढावं. सगळे सुटतील, मीही सुटेन. सोमवारी आमची बस लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली, तेव्हाही डोक्यात तेच.

आत गेलो तर तो फिटर आधीच पंखाखाली उताणा पडलेला, हातात बॅटरी. "सापडंल दादा, जातंय कुठं? तुमी नका लय मनाला लावून घेऊ," तो म्हणाला.

मला स्वतःची लाज वाटली. तसाच साहेबांकडे गेलो आणि भिंग टेबलावर ठेवलं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "या विमानाचे तुम्ही बघितलेले सगळे सांधे पुन्हा बघावे लागतील," एवढंच म्हणाले.

ते काम माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला दिलं. मी बाजूला स्टुलावर बसून होतो. तिने एकेक सांधा सावकाश बघितला, माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते चाललं होतं.

"बरोबर आहे सर सगळं," ती शेवटी म्हणाली, आणि कागदावर माझ्या सहीशेजारी तिने आपली सही केली.

आता प्रत्येक कागदावर दोन सह्या लागतात.