हात ओले हायेत तुझे

मी रंजू. नवऱ्याचं नाव घेतलं तर काही जीभ झडत नाही, म्हणून सांगते : मिथुन. आम्ही कारध्याचे ढिवर, वैनगंगेत जाळं टाकणारे. जाळं तळाच्या खुंटाले अडकलं का बुडी मारून सोडवायचं काम मिथुनचं. अन् तो वर आला का माझे मामाजी, म्हणजे सासरे केवळराम, डोंग्यातून पेटलेली बिडी त्याच्या तोंडात देत. हात ओले असतात ना! पाण्यातली थंडी बिडीनंच निघते, असं आमच्यात सारेच मानतात. मिथुनले मिसरूड फुटलं तवापासून हा मान चालू होता.

पंचविशी गाठायच्या आतच त्याचा दम सरला. एकदा खालून रिकाम्या हातानं वर आला, ओठ निळे पडलेले. जाळं कापून टाकावं लागलं. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. ‘‘रंजू, आता मी कायचा ढिवर?’’

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं त्याले नळीत जोरानं फुंकायला लावलं. म्हणाली, ‘‘वय लहान आहे, फुप्फुसं अजून सावरतील. पण बिडी आज सोडायची, उद्या नाही.’’ त्यानं सोडली. त्या दिवसांतली चिडचिड तर विचारूच नका! भाजीत मीठ कमी पडलं तरी माझ्या बापाचा उद्धार.

अन् झालं उलटंच. खोकला वाढला, सकाळी कफ पडू लागला. मामाजी म्हणाले, ‘‘पाह्य, बिडी सोडून रोग लावून घेतला! एक झुरका मार, छाती मोकळी होते.’’ मी चूल सोडून बाहेर आले. ‘‘मामाजी, तुमची बिडी तुमच्यापाशी ठेवा!’’ सासू म्हणे, सुनेची जीभ हातभर झाली. होऊ दे!

मी त्याले पुन्हा डॉक्टरीणबाईकडं नेलं. तिनं तपासलं अन् म्हणाली, ‘‘धुरानं छातीची झाडलोट बंद पडली होती, ती आता सुरू झाली. घर झाडताना धूळ उडतेच की.’’ माझा जीव भांड्यात पडला.

खोकला हळूहळू बसला. आमच्या पोरीले, खुशीले, खांद्यावर घेऊन तो न थांबता पुलाचा चढ चढू लागला. पण बुडी जमते का नाही, हे भेव दोघांच्याही पोटात होतं.

पूस महिन्याच्या थंडीत जाळं अडकलं, काठापासून जवळच. मी घाटावर चहाची किटली घेऊन उभी. बिडीच्या जागी चहा, हे माझंच खूळ. मामाजी डोंग्यातून म्हणाले, ‘‘राहू दे बापू, कापून टाकू.’’ मिथुननं ऐकलं नाही, उडी घेतली. त्याच्यावर पाणी मिटलं. मामाजींचा हात सवयीनं कानामागच्या बिडीकडं गेला, त्यांनी ती पेटवलीही. मी काठावर माझाच श्वास धरून. देवा, येऊ दे रे वर!

आला! हातात जाळ्याची दोरी, धापा टाकून राहिला होता, पण हसत होता. मामाजींनी बिडी पुढं केली. मिथुननं तोंड फिरवलं नाही, बिडी घेतलीही नाही. बापाकडं नुसता पाहत राहिला.

मामाजींनी बिडी नदीत टाकली. ‘‘रंजू, आण वं तुझा चहा.’’

मिथुन डोंग्याले धरून काठाशी आला, तशी मी गुडघाभर पाण्यात शिरून गिलास नेला. मिथुननं हात पुढं केला, तर मामाजी म्हणाले, ‘‘थांब, हात ओले हायेत तुझे.’’ अन् गिलास त्यांनी स्वतःच पोराच्या ओठाले लावला.