भुऱ्याचं अंगठ्याचं नख

जमनीबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि चूक माझी नव्हती. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

घाटंजीहून आत गेलं की डांबर संपतं, तिथून पुढे त्यांचा तांडा. कपाशीवर फवारा मारताना तोंडाला फडकं बांधा, हातात मोजे घाला, हे घसा फोडून सांगायला मी तिथं जाते. त्या रविवारी जमनीबाई अंगणात भुऱ्याला, तिच्या कुत्र्याला, धूत होती. कडुनिंबाचा पाला उकळलेलं कोमट पाणी, मानेपासून शेपटीकडे, कानात थेंब जाऊ न देता. खाटेच्या पायाला मोबाईल टेकवलेला. त्यात तिची लेक बबिता, पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स. भुऱ्याला पिल्लू असताना बाजारातून ओढणीत गुंडाळून तिनंच आणलं होतं. मायलेकी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होत्या, त्यात आईला 'याडी' म्हणतात. मला समजलं तसं लिहिते.

"याडी, कान दाखव. पाय काहून दाखवून राह्यली? कान!"

"दाखवून तर राह्यली व माय!"

"हे काळं काय? गोचीड! मागच्या रविवारी बी इथंच होती नं?"

"नवी असन."

"चिमट्यानं मुळाशी धर. पिळू नको. मिठाच्या पाण्यात टाक."

पंचवीस मिनिटं हे चाललं. फोन बंद झाल्यावर मी भुऱ्याचा दुसरा कान उलटा केला. तीन टम्म गोचिडी, भोवती कातडी लाल. माझं डोकं सटकलं.

"डोळे हायेत का गोट्या, जमनीबाई? एवढं धुता, अन् हे दिसलं नाही?"

दारातून तिचा नवरा लखीराम म्हणाला, "मी केव्हाचा म्हणून राह्यलो ताई, कपाशीचं औषध उरलं हाये, बोळ्यानं फिरवून देतो. एका दणक्यात साफ!"

"तुमचा मागचा कुत्रा कशानं गेला, लखीरामभाऊ?"

सगळ्या तांड्याला माहीत होतं. तो खाली पाहत म्हणाला, "चाटलं त्यानं."

मग मीच बसले. दोन्ही कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ. एक एक करून सगळ्या गोचिडी काढल्या, घरच्याच कापसानं कान पुसले. जमनीबाईनं आभार तर मानले नाहीतच. उलट विचारलं, "एक बी नाही ठेवली?"

म्हटलं, ही बाई येडी आहे.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. शाबासकी घ्यायलाच, खोटं कशाला बोलू! फोन आला. उजवा कान साफ. डावा साफ.

"वा याडी, एकदम मस्त! चल ठेवते, ड्युटी हाये."

दोन मिनिटं. जमनीबाई ओल्या हातानं काळ्या पडलेल्या मोबाईलपुढे बसून राहिली. भुऱ्यानं अंग झाडलं, तिच्या तोंडावर पाणी उडालं, तरी तिनं पुसलं नाही.

"जेवली का म्हटलं तं 'हो' म्हणते," ती हळूच म्हणाली. "बरी हायेस का, तं 'हो'. तिथलं मले समजत नाही, इथलं तिले सांगासारखं काही राह्यलं नाही. पण कुत्र्याचं तिलेच मले सारं समजावून सांगा लागते. म्हणून ठेवत होती मी एक-दोन. तुम्ही पाह्यली तेव्हा जरा जास्त झालती." मग बोटं मोजत म्हणाली, "दोन दिवाळ्या झाल्या. घरी नाही आली."

मी म्हटलं, "गोचिडीले भुऱ्याचं रगत पाजून बोलणं नका लांबवू, बाई."

तिनं मान डोलावली.

तिसऱ्या रविवारी दोन्ही कान दाखवून झाले, तशी बबिता फोन ठेवायला निघाली. जमनीबाईनं घाईघाईनं भुऱ्याचा पुढचा पाय मोबाईलसमोर धरला. "हे पाह्य. वरचं अंगठ्याचं नख. गोल फिरून राह्यलं."

बबिताचा चेहरा एकदम जवळ आला. "ते जमिनीले लागत नाही, म्हणून झिजत नाही. तू नको कापू याडी, आत रगत राह्यते. मी आल्यावर कापीन."

"कधी?"

तिकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती मागे वळली, मग परत पाहिलं.

"होळीले."

होळीला तीन महिने होते. मी सांगितलं, तोवर ते नख फिरून कातड्यात घुसेल, आज ना उद्या कापावंच लागेल. जमनीबाई आत जाऊन विळ्याला धार लावायचा दगड घेऊन आली.

आता दर रविवारी न्हाणं झालं, की ती भुऱ्याचा पाय मांडीवर घेते. दगड नखाच्या टोकावर दोनदा फिरवते, बोट लावून टोचतं का पाहते, आणि थांबते. परवा मी म्हटलं, "अजून जरा घासा नं, बरं राहील."

"नाही व ताई," ती म्हणाली, "होळीपर्यंत उरलं पाह्यजे."